बहिरे काकांचं वाचन

आमच्या बहिरे काकांना समोरच्यानं दिलेली शिवी दहा पावलांवरून दिसायची. ऐकू काहीच यायचं नाही. बाराव्या वर्षी विषमज्वरात दोन्ही कान गेले. पण ते ओठ वाचत, मराठीही आणि दख्खनीही. वैजापुरात हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे लोक त्यांच्या तोंडावर ‘ठोंब्या’ म्हणत आणि लगेच हसून कागद पुढे करत. त्या लोकांचा मला आजही संताप येतो.

कागद उर्दूतले असायचे. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार मराठीत आला, पण घरोघरच्या ट्रंकांत जमिनीचे जुने कागद होते ते निजामाच्या अमलातले. काका उर्दू शाळेत शिकलेले. रोज सकाळी आमच्या ओसरीवर बसून ते कागद मराठीत उतरवून द्यायचे, फुकट. बोलत मात्र क्वचितच. आवाज ताब्यात राहायचा नाही आणि लोक हसायचे.

“तुम्हाला सगळं कळतं, हे सांगत का नाही त्यांना?” मी एकदा चिडून विचारलं.

“सांगितलं तर तोंड फिरवून बोलतील,” काका म्हणाले. “मग मला कळायचंच नाही.”

“राग येत नाही?”

“लई येतो. पण कागद काही त्यांच्या एकट्याचे नाहीत. त्यांच्या लेकराबाळांचे आहेत.”

मी मॅट्रिकला होते तेव्हाची गोष्ट. रखमाबाई नावाची मेंढरं राखणारी विधवा सासऱ्याच्या शेताचा कागद घेऊन आली. सोबत शेजारचा बागायतदार, ज्याला सगळे दादासाहेब म्हणत, आणि त्याचा मेहुणा. तुझ्या सासऱ्यानं हे शेत मला कधीच विकलंय, या कागदात तसं लिहिलंय, असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं. काकांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यासमोरच मेहुण्याला हळूच म्हणाला, “ठोंब्या लिहून देईल. वाचून दाखवायचं आपल्याच हातात हाय. अंगठा घेऊ अन् निघू.”

काकांनी दौत बाजूला सारली. उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कागद वाचू लागले. जमीन रखमाबाईच्या सासऱ्याच्या नावची, विक्रीचा एक शब्दही नाही. एकदा नाही, तीनदा वाचलं. दारादारांत माणसं जमली.

“वरडतो कशाला?” दादासाहेब खेकसला.

“बहिरा आहे मी,” काका म्हणाले. “किती मोठ्यानं बोलतोय ते मला कळत नाही.” मग रखमाबाईकडे वळून म्हणाले, “बाई, अंगठा कुठं उठवू नकोस.”

शेत वाचलं. काकांची मात्र गावानं दैना केली. बहिरा खोटं वाचतो, असं दादासाहेबानं पसरवलं आणि ज्यांचे कागद काकांनी वर्षानुवर्षं वाचले होते, तेच त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. आमच्या वडिलांनीसुद्धा सख्ख्या भावाला सुनावलं, “तुला कुणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला?” काका हसले. “तिची मेंढरं तिच्याच रानात बसतात ना? मग झालं.” वडिलांना मी त्याबद्दल माफ केलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. त्यांचे अगदी शेवटचे दिवस होते. एके सकाळी त्या रस्ता बदलणाऱ्यांपैकीच एक गृहस्थ कागद घेऊन दारात उभा राहिला. वाटणीचा दावा लागला होता म्हणे. मी त्याला हाकलणार होते; काकांनी चष्मा मागितला. एक पान सांगून झालं आणि त्यांना धाप लागली. दुपारी ते गेले.

बाहेर तो अजून बसूनच होता. दुसरं पान माझ्यापुढे धरून म्हणाला, “ताई, एवढं बघता का?” मला एक अक्षर येत नव्हतं. ‘शिकून घे, मी काय जन्माला पुरणार आहे?’ असं काकांनी किती वेळा म्हटलं असेल. मी कंटाळा केला होता.

तेरावा झाल्यावर मी उर्दू शाळेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे जायला लागले. वर्षभरानं तोच गृहस्थ पुन्हा आला, तेव्हा त्याचं दुसरं पान मी वाचून दिलं.

पाणी मात्र विचारलं नाही.