दरसाल सात दिवस हिमालय

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मुलांजवळ नाही, मित्रांजवळ नाही — आणि मंदाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. खरं म्हणजे सांगायचं असेल तर तिलाच सांगायला हवं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमच्यासमोर मला रोज जेवायला बसायचं नाही. हाही भित्रेपणाच, दुसरं काय?

मी मूळचा वर्ध्याकडचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. लग्नानंतर मंदा सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं. तिचं जग म्हणजे वर्धा आणि वर्ध्याजवळचं माझं खेडं. दर उन्हाळ्यात आधी एक, मग दुसरं. प्लांट आम्हाला फिरायला जाण्यासाठी प्रवासाची सवलत द्यायचा. टाउनशिपमधले अर्धेअधिक वऱ्हाडी-नागपुरी लोक ती सवलतही गावाला जाण्यातच घालवायचे. आम्हीही त्यातलेच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी कुटुंबांना प्लांट दाखवायचा एक दिवस होता. मी मंदाला भट्टीवर नेलं. तुम्ही कधी लोखंड बाहेर येताना पाहिलंय? भट्टीचं तोंड फोडतात, आणि मग जे येतं त्याला लोखंड म्हणवत नाही. प्रकाशच वाहत येतो. ठिणग्या छतापर्यंत उडतात, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. मंदानं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. भट्टीत डोकावायला आम्ही निळी काच वापरायचो, ती मी तिच्या डोळ्यांसमोर धरली. तिनं बघितलं, मग काच खाली करून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुमी हे रोज पायता?"

ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती — ती नजर मी पुढं कितीतरी वर्षं जपून वापरली. जणू ती आग मीच पेटवली होती. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडलं. तेव्हापासून तिनं काही मोठं पाहायचं तर ते माझ्या हातानं, माझ्या काचेतून पाहायचं, असा माझा समजच झाला.

आता मुद्द्यावर येतो. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मुलं शाळेत होती. एका कंपनीचं आमंत्रण आलं — नवरा-बायको दोघांनी यायचं, हॉटेलात चहा-नाश्ता आणि पडद्यावर चित्रं. टाय लावलेला एक तरुण टाइमशेअर म्हणजे काय ते समजावत होता. डोंगरात एक खोली, ती तुमची. पण वर्षातून एकच आठवडा, आणि असं पंचवीस वर्षं. मंदा माझ्या कानाशी लागली, "मंग बाकीच्या आठवड्यात तिथं कोन राह्यते?" मी म्हटलं, बाकीचे मालक. ती म्हणाली, "म्हंजे लग्नघर झालं. एका खोलीत वऱ्हाडच वऱ्हाड." आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. पण तेवढ्यात पडद्यावर बर्फाची शिखरं आली आणि तिचं हसणं थांबलं.

घ्यावं की नाही? महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आणि एक सांगतो, मी विचार प्रामाणिकपणे केला होता. भट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाउनमध्ये मला सुट्टी मिळायची नाही. मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा आडव्या येतील. गेलो नाही तरी देखभालीचा खर्च दरवर्षी द्यायचाच. पंचवीस वर्षं एकाच जागी जायचं, की हवं तेव्हा हवं तिथं हॉटेल घ्यायचं? नाकापेक्षा मोती जड तर होणार नाही? उलट बाजूला — खोलीत स्वयंपाकघर होतं. आणि दुसरं म्हणजे शोभा.

शोभा मंदाची धाकटी बहीण. तिचा नवरा रेल्वेत गार्ड; भिलाईजवळच चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचे. त्यांच्याकडे पास होता, देशभर कुठंही जाता येत होतं, पण जाऊन उतरायचं कुठं? रेल्वेच्या माणसाचं हे नेहमीचं दुखणं. आमच्याकडे खोली येणार होती. दोघी बहिणींनी हिशेब जुळवून टाकला. लग्नं झाल्यापासून त्या माहेर सोडून कुठंही एकत्र गेल्या नव्हत्या. दरसाल सात दिवस दोघी एका छपराखाली, समोर डोंगर — मंदानं बाकी काही मागितलंच नव्हतं. घासाघीस नाही, हट्ट नाही. एवढंच म्हणाली, "दरसाल एकडाव पायाले भेटन, बस."

कंपनी म्हणाली, आधी तीन दिवस राहून बघा, मग ठरवा. मुलांना शोभाकडे ठेवून आम्ही दोघं कुमाऊंला गेलो. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढं जीप. पोचलो तेव्हा धुकं होतं. समोर पांढरं कापड टांगल्यासारखं. मंदा थोडी हिरमुसली.

सकाळी मला जाग आली तर ती शेजारी नव्हती. बाल्कनीत उभी होती, डोक्याला माझी माकडटोपी, अंगावर घोंगडी. मी बाहेर गेलो आणि — काय सांगू? समोर आकाशात, जिथं ढग असायला हवेत त्या उंचीवर, जमीन होती. पांढरी, आणि हळूहळू गुलाबी होत चाललेली. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. कुठं आवाज नाही. मी जन्मभर गडगडाटात काम केलेला माणूस. एवढी मोठी वस्तू आणि आवाज नाही, हे मला सहन होईना.  देव म्हणतात तो असा गप्प असेल का, असं मनात आलं, आणि भीती वाटली.

भीती वाटली की मी बोलतो. माहितीपत्रकात वाचलेली शिखरांची नावं मी सांगायला लागलो — हे अमुक, ते तमुक, उंची इतकी. मंदानं माझ्याकडे न बघता हात वर केला. "थांबा ना जरा," म्हणाली.

बस, एवढंच. रागानं नाही. तिनं माझी बाही धरली नव्हती. मी शेजारी उभा आहे की नाही हेही तिला आठवत नसावं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती — लग्नातही नाही. आणि त्या चेहऱ्यात माझा काहीही वाटा नव्हता.

तिन्ही सकाळी तसंच झालं. दुपारी ती शेजारच्या बंगाली बाईशी हिंदीत गप्पा मारायची, मोकळं हसायची, एकटी पायवाटेनं खाली जाऊन यायची. भिलाईत सिव्हिक सेंटरच्या बाजारापर्यंत जायलाही तिला मी लागायचो. परत येताना जीपमध्ये ती आपल्याच नादात म्हणाली, "अवो, याच्यापुढं तुमची भट्टी काईच नाई." तिच्या मनात काही नव्हतं. लहान मूल बोलतं तसं बोलली. मीही हसलो. पण ते वाक्य मी भिलाईपर्यंत घेऊन आलो.

पुढच्या रविवारी शोभा चरोद्याहून लोकलनं आली. मी पहिल्या पाळीहून घरी पोचलो तेव्हा दोघी मटार सोलत बसल्या होत्या. आठवडा कोणता घ्यायचा ते ठरवत होत्या. मंदा शोभाला हातवारे करून शिखरं दाखवत होती — इथून सुरू होते, पार तिथपर्यंत जाते. तोच चेहरा होता तिचा. माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर बसून. मी बूट काढले नाहीत. दारातूनच म्हणालो, ती कंपनी बोगस आहे. प्लांटातल्या व्हिजिलन्सच्या, म्हणजे दक्षता खात्याच्या, लोकांकडून आजच कळलं. दोघा अधिकाऱ्यांचे पैसे बुडाले.

असं कोणीही मला सांगितलं नव्हतं. कोणाचेही पैसे बुडाले नव्हते. घरात पाय ठेवेपर्यंत आपण हे बोलणार आहोत, हे मलाही माहीत नव्हतं.

टाउनशिपमध्ये प्लांटातून आलेल्या बातमीला कोणी पुरावा मागत नसे. घर प्लांटचं, पाणी प्लांटचं, दवाखाना प्लांटचा, सकाळ झाली हेसुद्धा प्लांटचा भोंगा सांगायचा. ते मला ठाऊक होतं. मंदानं हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "बरं झालं, टायमावर समजलं." आणि भात टाकायला उठली. शोभानं टरफलं गोळा केली.

मला वाटलं होतं, ती रडेल, भांडेल. मग मी कदाचित खरं बोललो असतो. कदाचित. पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, सगळाच्या सगळा. आणि तिथंच थांबली नाही — दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायांना सांगत सुटली. "यायनं वाचवलं आमाले, नाई तं बुडालो असतो." कोणी लग्नात भेटलं की सांगायची, हळदीकुंकवात सांगायची. माझं कौतुक! मी शेजारी उभा राहून ऐकायचो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तरीही ते सभासदत्व घेतलं, दरवर्षी जाऊन यायच्या आणि आम्हाला सफरचंदं आणून द्यायच्या. मंदाला त्यांची काळजी वाटायची. कधी बुडेल सांगता येत नाही, म्हणायची. सफरचंद चिरून आधी मला द्यायची.

आज तुम्ही म्हणाल, बरंच झालं, असल्या व्यवहारात पुष्कळ लोक पस्तावले. म्हणू नका. व्यवहार वाईट असेल, नसेल. मी त्यासाठी नाही म्हटलं नव्हतं. मला डोंगराचा हेवा वाटला. साठ-सत्तर किलोचा माणूस, हिमालयाचा हेवा करणारा — हसावं की काय करावं? पण तो हिमालयाचं काय वाकडं करणार होता? त्यानं बायकोचा हिमालय काढून घेतला.

रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतच स्मृती नगरमध्ये घर बांधलं. मुलानं एकदा सगळ्यांना डोंगरात न्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी मंदाचं हृदय तपासून उंचीवर जायला मनाई केली. ती म्हणाली, "एकडाव पायलं ना. लय झालं." तिच्या बोलण्यात खरोखर तक्रार नव्हती. तीन सकाळींवर तिनं इतकी वर्षं काढली. ती अजूनही कधी कधी भाजी निवडताना हात थांबवून समोरच्या भिंतीकडे बघत राहते, आणि तेव्हा मी खोलीत असलो तर बाहेर निघून जातो. मला ते मोठेपण पेलत नाही. 

परवा शोभा आली होती, सोबत तिची मुलगी आणि जावई. त्यांना अशाच एका कंपनीचं सभासदत्व घ्यायचं होतं; मुलीला आईला डोंगर दाखवायचा होता. शोभानं अजून तो पाहिलेला नाही. मंदानं त्यांना चहा दिला, समोर बसली आणि तीच जुनी गोष्ट सांगितली — कंपनी, व्हिजिलन्स, बुडालेले दोन अधिकारी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा ना यायले. खरं हाय का नाई?"

चौघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, हो.