आज वर्ग कोण सांभाळणार?

सहावीच्या वर्गात दर आठवड्याला नवा लीडर नेमायचा, असं मी ठरवलं आणि किस्स्यांचा नुसता सुकाळ झाला! आमची शाळा गोव्यातल्या पेडण्याकडली. स्टाफरूममध्ये मी डबा उघडायच्या आधीच सगळे विचारतात, “टीचर, आज कितें जालें?”

*

पहिला मान रोहनचा. त्याचे वडील बसचे कंडक्टर. प्रार्थनेला रांग लाव म्हटलं, तर पठ्ठ्या दारात लटकून ओरडायला लागला, “फाटीं वचात! फाटीं वचात! मधीं जागो आसा!”

सगळी पोरं मुकाट्यानं मागे सरकली. मग भिंतीवर दोन थापा मारून म्हणाला, “चल, वचूं दी!”

रांग सुटली!

*

मग संजना. तिची आई मांद्र्याच्या बाजारात मासे विकते. मी म्हटलं, “आज होमवर्क किती, ते तू ठरव.”

“धा गणितां!” तिनं पुकारलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, “तीन!”

“तीन? परवडना रे!”

“पांच!”

“आठ घे. वयर एक सोपें फुकट दितां!”

वर्गानं हसतहसत नऊ गणितं घरी नेली.

*

तपासणीला साहेब आले, तेव्हा पाळी होती आर्यनची. तो फळ्यापाशी भूगोल घेत होता आणि मी त्याच्या बाकावर बसले होते.

साहेबांनी विचारलं, “मग तुमच्या टीचर काय करतात?”

आर्यननं माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

“ती शिकता, सर. पूण हुशार आसा!”

*

आणि पार्वती. तिचे आईवडील बांधकामाच्या कामाला बेळगावकडून आलेले. सुरुवातीला ती बोलली की पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायची. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं. हजेरीलाही नुसता हात वर.

तिची पाळी आली. तिनं मान हलवली. मी म्हटलं, “बोलू नकोस हवं तर. पण पुढे येऊन उभी राहा.”

डस्टर छातीशी घट्ट धरून ती टेबलापाशी उभी राहिली. वर्गात नुसता गलका! तेवढ्यात हेडसर दाराशी आले आणि गॅदरिंगचं विचारू लागले. आम्ही दोघं बोलण्यात असे रंगलो, की वर्ग हळूहळू शांत झाल्याचं आमच्या ध्यानातच आलं नाही.

टेबलापासून पार्वतीचा आवाज आला, “ओ टीचर! ओ सर! तुमी बी गप बसा की!”

कुणीच हसलं नाही.

हेडसर पहिल्या बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी.