काकूंचा सर्व्हे

मंडळी, सावरून बसा. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो. इथं सातासमुद्रापार, प्लेनोतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांचं मन वर्गात लागतं की नाही, हे प्रत्यक्ष देवालाही ठाऊक नसे. ते फक्त काकूंना ठाऊक असे.

काकू ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मुलं वर्गात किती भाग घेतात, हे सर्व्हे करून मोजणं हे त्यांचं काम. मूळच्या नागपूरच्या, साठीच्या. गळ्यात मंगळसूत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र, दोन्ही कायम एकमेकांत अडकलेली. वर्गात कागद वाटले की ठणकावत, "वाटलं ते नको, घडलं ते लिहा."

ही सवय बाहेरही सुटेना. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या. बायकोनं विचारलं, भरली वांगी कशी झालीत? काकू गंभीरपणे म्हणाल्या, "कशी झालीत ते सोड गं. मी परत वाढून घेतली का, ते बघ."

घेतली नव्हती.

तर एका मंगळवारी काकू इंग्रजी संभाषणाच्या वर्गात गेल्या. कागदांचं खोकं उचलायला मी सोबत. वर्गात नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या बायका. नोकरीची परवानगी नाही, आठवडाभर घर. बाहेर पडणं काय ते मंगळवारच्या या तासाला. कितीतरी जणींना काकूंनीच इथं धाडलेलं.

सर्व्हेच्या कागदावर पहिलंच होतं, वर्गात प्रश्न किती वेळा विचारता? सगळ्यांनी खूण केली, कधीच नाही. सरांना मध्येच विचारायचं म्हणजे त्यांना नीट शिकवता आलं नाही असं तोंडावर सांगणं, हे आपल्या हाडात मुरलेलं. सरांशी वर्गाबाहेर बोलता? छे, कधीच नाही. कोपऱ्यातल्या एका मुलीनं हळूच मराठीत विचारलं, "काकू, 'नेहमी' लिहू का? सरांना बरं वाटेल."

काकू गळ्यातलं ओळखपत्र मंगळसूत्रातून सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "घडलं ते लिही, बाळा."

त्या वर्षी काही वर्ग बंद व्हायचेच होते. सर्व्हेत हा वर्ग सगळ्यांच्या तळाला गेला, म्हणजे बंद होणाऱ्यांत पहिला. काकू तडक डीनकडे गेल्या. या बायका तास चुकवत नाहीत, अंगात कणकण असली तरी येतात, गप्प बसतात तो आदर असतो, असं परोपरीनं सांगितलं. डीन भला माणूस. त्यानं शांतपणे विचारलं, "पण हे आकड्यांत कुठं दिसतं?"

जन्मभर काकू दुसऱ्यांना हेच विचारत आल्या होत्या. परत येऊन टेबलाशी बसल्या. मी चहा आणून ठेवला. दुसरं मला तरी काय येत होतं?

पुढे त्या रिटायर होऊन मुलीकडे सांता क्लाराला गेल्या. आता त्यांच्या जागी एक तरुण आहे. तो सर्व्हे ईमेलनं पाठवतो. कोणी उघडत नाही.

मला मात्र त्या वर्गाचा शेवटचा तास आठवतो. टेबलावर ढोकळा, चकल्या. सरांच्या खांद्यावर शाल. सरांनी मार्कर खाली ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, काही प्रश्न? नेहमीसारखीच शांतता. काकू मागच्या भिंतीशी, नजर जमिनीवर. तेवढ्यात ती कोपऱ्यातली मुलगी उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "सर, मग आम्ही पुढच्या मंगळवारी कुठं जायचं?"