काचेखालचं नाव

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन कुवेतला गेलो, पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा हुद्दा 'हेल्पर' असा लागला. वर्कशॉपचे मॅनेजर रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना भाई म्हणत. "काम करून दाखव, टेक्निशियनचं पत्र देतो," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या पत्राशिवाय हुद्दा बदलत नव्हता.

जहरा भागातल्या भाजीच्या शीतगृहांसाठी आम्ही तापमान सांभाळणारा कंट्रोलर बनवत होतो. त्याच्या चिपमधला प्रोग्राम मी एकट्याने लिहिला. आठ महिने लागले. शेवटी चिपमध्ये थोडी जागा उरली, तिथे मी वडिलांचं नाव भरलं. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. वडील सहीच्या जागी अंगठा लावायचे. घरी पत्रातून मात्र कळवून टाकलं.

समोरचा वर्कशॉपवाला आमची चिप वाचून तसाच माल विकेल, अशी भाईंना धास्ती होती.

"असं कर, की कुणाच्या बापाला वाचता येऊ नये."

त्या चिपला आतून कुलूप लावायची सोय होती. एकदा लावलं की चिप काम करते, पण आतलं काही बाहेर देत नाही. कुलूप काढायचा एकच उपाय. चिपच्या पाठीवरच्या छोट्या काचेवरचा स्टिकर काढून ती अतिनील दिव्याखाली धरायची. पण मग कुलुपाबरोबर प्रोग्रामही पुसला जातो. काच उघडी राहिली तर साध्या उन्हानेही तो हळूहळू पुसला जातो. मी एकूण एक चिपला कुलूप लावलं. चाचणीची एक चिप उघडी होती. चांगली चिप वाया कशाला, म्हणून तीही पुसून पुन्हा भरली आणि बंद केली. प्रोग्रामची वही आणि फ्लॉपी भाईंनी कपाटात ठेवायला मागितल्या, त्याही दिल्या. "शाबास," ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

माल गेला, चालला. मी पत्र मागितलं.

"कसलं पत्र?"

"भाई, प्रोग्राम मी लिहिलाय."

"प्रोग्राम बाहेरून आणलाय, मालकाला मी तसंच सांगितलंय. हेल्परने केलाय म्हटलं असतं तर त्याने हात तरी लावला असता का?"

"वही आहे ना तुमच्याकडे."

"कुठली वही रे?"

चिपमध्ये वडिलांचं नाव आहे, असं मी म्हणून गेलो. भाईंनी शेल्फवरचा एक कंट्रोलर उघडला आणि चिप माझ्या हातात दिली.

"वाच बघू."

काय दिसणार, ते मला माहीत होतं. तरीही मी चिप वाचायच्या यंत्रात लावली. पडद्यावर प्रत्येक जागी तेच दोन आकडे आले, कोऱ्या चिपमध्ये असतात तसे.

"यात तर काहीच नाही," भाई हसून म्हणाले. "तुझा बापही नाही."

मी चिप काढली. काचेवरच्या स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. मी तो कोपरा अंगठ्याने दाबून पक्का चिकटवला आणि चिप भाईंना परत दिली.