घोडी कुणाची

ऐंशीच्या दशकात मी मिशिगनमध्ये एम.एस. करत होतो आणि वरखर्चासाठी लायब्ररीच्या तळघरात बसून जुनी पत्रं टाइप करत होतो. एकोणिसाव्या शतकातल्या एका शेतकऱ्याने शेजारगावच्या शिक्षिकेला लिहिलेली. मागणी घालायचं धाडस होईना, म्हणून गडी बटाटे, डुकरं आणि बर्फ यांवरच पानं भरायचा.

माझंही लग्न ठरलं होतं. नागपूरला कांदेपोहे, वीस मिनिटांची भेट, त्यातली पंधरा मिनिटं तिचे वडीलच बोलले. लग्न उन्हाळ्यात, तोवर मी दर पंधरवड्याला पत्र पाठवायचं. पण त्या हिवाळ्यात मी आतून बधिर झालो होतो. लॅब, खोली, पुन्हा लॅब. ‘तब्येत ठीक’च्या पुढे पेन सरकेना. शेवटी अक्कल चालवली: शेतकऱ्याचं एक पत्र मराठीत उतरवलं आणि खाली माझी सही ठोकली.

‘बर्फ गुडघाभर आहे. घोडीला शिंगरू झालं. ते पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा तू इथे हवी होतीस.’

रूममेटला वाचून दाखवलं. “घोडी काढ यार,” तो म्हणाला.

“अख्ख्या पत्रात तीच तर जिवंत आहे,” मी म्हणालो आणि पत्र टाकून आलो.

तिचे वडील निवृत्त हेडमास्तर. घरात आलेलं पत्र आधी ते वाचतात, तेही मोठ्याने, हे मी विसरलो.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. ‘बाबा विचारतात, घोडी कुणाची? शिक्षण सोडून तबेल्यात नोकरी धरली असेल तर कळवा, कार्यालय रद्द करता येईल. माझं विचारणं वेगळं आहे. या पत्रात तुमचं काय आहे? काहीच नसेल तर तसं लिहा. मी अजून नाही म्हणू शकते. उत्तर मात्र मागे लिहिलेल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवा.’

लाज वाटायला हवी होती. तीही वाटेना. मी शेतकऱ्याचं सगळं कबूल केलं आणि खाली लिहिलं, ‘हीटर धड चालत नाही. तीन दिवस कुणाशी बोललो नाही. भात रोज करपतो. कशाचंच काही वाटत नाही, हे एवढंच माझं.’

तोवर शेतकऱ्याची पत्रं संपली. त्याला नकार आला, की लग्न झाल्यावर लिहायचं कारण उरलं नाही, ते काही कळेना.

तिचं पत्र आलं ते चार ओळींचं. ‘बाबांना सांगितलं, घोडी शेजाऱ्यांची. भात पातळ बुडाच्या पातेल्यात करपतो. जाड बुडाचं मी घेऊन येते. तोवर खिचडी करा.’

वाचून लगेच काही वाटलं नाही. आदल्या दिवशीचं करपलेलं पातेलं तेवढं भिजत घातलं.