डब्याची किल्ली

हे कुणाला सांगायचं नाही, असं मी कधी ठरवलं नव्हतं. सांगितलं नाही, एवढंच. नवऱ्याला नाही, लातूरच्या बहिणीला नाही, ज्या दोघी मैत्रिणींपासून माझं काही लपत नाही त्यांनाही नाही. तीन वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. तरी सांगते.

आधी मी कोण ते. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात माझ्या हाताखाली सत्तावीस अंगणवाड्या, म्हणजे सत्तावीस सेविका. तालुक्याचं नाव सांगत नाही. मुलांची वजनं, उंची, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं सेविका करते आणि मोबाईलवर भरते. तिनं भरलं की नाही ते मी बघते. मला कायम घाई असते. आवाज मोठा आहे. समोर कुणी रडायला लागलं तर काय करायचं, हे मला या वयातही कळत नाही. सेविका मला ‘बाई’ म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही माहीत आहे, आणि ते काही खोटं नाही.

महिन्याची बैठक माझ्या पद्धतीनं चालायची. जिची माहिती अपुरी, तिनं उभं राहायचं आणि आपल्या गावचे अर्धवट आकडे सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं वाचायचे. ही रीत मला कुणी शिकवली नव्हती, वरून आदेश नव्हता. माझी मीच काढली होती. दोनदा उभी राहिली की सुधारते, असं मी म्हणायचे. आकडे सुधारायचेही. जिल्ह्याच्या आढाव्यात माझं नाव चांगल्या यादीत यायचं — आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

शोभा — हे तिचं खरं नाव नाही — डोंगराच्या पोटातल्या एका गावची सेविका होती. चाळिशीच्या आतबाहेरची, हडकुळी, कमी बोलणारी. तिच्या अंगणवाडीत मुलं खरोखर बसायची. कागदावरची नव्हे, खरी मुलं. पण गावात फोनला रेंज नाही. त्यामुळं बैठकीत बहुतेक वेळा तीच उभी. एकदा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “बाई, फोनच लागंना झालाय. मी काय करू सांगा.”

“पाण्याच्या टाकीवर चढ,” मी म्हणाले. “उंचावर रेंज येती.”

सगळ्या हसल्या. तीही हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून चढायला लागली.

मला आनंद झाला. इतर जणींना मी तिचं उदाहरण द्यायला लागले — शोभा टाकीवर चढून भरती, तुमच्या तर दारात रेंज हाय, तुम्हाला काय झालं? तरी वाऱ्यापावसाचं तिचं राहायचंच. राहिलं की ती उभी. उदाहरण वेगळं आणि नियम वेगळा.

त्याच सुमाराला नांदेडहून प्राची आली. तिशीची मुलगी, खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल. कामाच्या ठिकाणी माणसाच्या मनाचं काय होतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, मी प्रश्न छापून आणलेले नाहीत. प्रश्न तुम्ही काढायचे, उत्तरं तुम्हीच गोळा करायची, त्यांचा अर्थही तुम्हीच लावायचा. मग आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कमलबाई म्हणाल्या, “ताई, समदं भरलं बघा आजवर. पण मन कोणत्या रजिस्टरात भरायचं?” बाया हसल्या, आणि त्या दिवसापासून प्राची त्यांची झाली.

सेविकांनीच ठरवलं — प्रत्येकीनं एक चिठ्ठी लिहायची. नाव घालायचं नाही. गोडेतेलाचा रिकामा डबा आणला, झाकणाला चीर पाडली, कडी बसवून कुलूप लावलं. डबा आमच्या कार्यालयात महिनाभर राहील, येता-जाता चिठ्ठी टाकायची, आणि महिन्यानंतर सगळ्यांसमोर उघडायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही. मग प्राचीनं विचारलं, किल्ली कुणाकडं ठेवायची? जिच्यावर तुमचा सगळ्यांचा विश्वास आहे, अशा कुणाकडं तरी.

मी समोर खुर्चीवर बसले होते. त्या खाली सतरंजीवर.

“बाईंकडंच राहू द्या की,” कमलबाई म्हणाल्या. “दुसरं कोण हाय.”

माना हलल्या. प्राचीनं वहीत लिहून घेतलं — एकमतानं. मी समोर बसलेली असताना त्या दुसरं कुणाचं नाव घेणार होत्या? प्राची नवीन होती, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. त्याच क्षणी आलं. मी हात पुढं केला आणि किल्ली घेतली.

आता इथून पुढचं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. कार्यालयात कुणी नव्हतं; क्लार्क अहमदपूरला गेला होता, शिपाई जेवायला. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचं होतं. दुसरं कारण नव्हतं, आणि आता शोधूनही मी ते आणणार नाही. सत्तावीस चिठ्ठ्या होत्या. मी सगळ्या वाचल्या. गुडघे दुखतात. सासू म्हणते, दिवसभर फोन घेऊन बसती. फोन इतका तापतो की पदरात धरावा लागतो. माझ्याबद्दलही पाच-सहा होत्या. एकीनं लिहिलं होतं, बाईंचा आवाज रेंजपेक्षा लांब जातो. तिथं मी एकटीच हसले. ओरडते, हे मला माहीत होतंच. तेवढं मी पचवलं असतं.

मग ही आली. पाठ आहे मला.

‘टाकीवर गेलं की फोन लागतो. भरून झालं तरी खाली यायला पाय निघत नाही. कधी वाटतं, यायचंच कशाला. बैठकीच्या आदल्या दिवशी लई वाटतं. हे बाईंना कळू देऊ नका.’

नाव नव्हतं. नावाची काय गरज होती? टाकीवर चढणारी माझ्याकडं एकच होती, आणि तिला मी चढवलं होतं.

प्राचीनं सुरुवातीलाच बजावलं होतं — असं काही कुणी बोललं, लिहिलं, तर त्याच दिवशी मला फोन करा; लातूरच्या डॉक्टरीण बाईंशी बोलून ठेवलंय, मी स्वतः येईन. माझा फोन टेबलावर होता. रेंज भरपूर होती. मी ती चिठ्ठी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात, आधार कार्डामागं सरकवली. बाकीच्या डब्यात परत टाकल्या आणि कुलूप लावलं. घाबरून नव्हे. विचार करून. ही वाचली गेली तर कुणाची टाकी आणि कुणी चढवलं, हे सत्तावीस जणींना एका क्षणात कळेल — एवढाच तो विचार. तिचं काय होईल हा त्यात नव्हता. आणि ते कधी? बैठकीच्या आदल्या दिवशी. म्हणजे तिनं लिहिलेल्या नेमक्या त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी ती बैठकीला आली. दारातून आत येताना दिसली, तेव्हा मी श्वास सोडला. तेवढंच केलं.

प्राचीनं डबा उघडून चिठ्ठ्या मोजल्या. सव्वीस. परत मोजल्या. “मॅडम, सत्तावीस जणी ना?”

“एखादीनं टाकली नसंल,” मी म्हणाले. “लिहायचा कंटाळा असतो काहींना.”

आवाज जरासुद्धा हलला नाही.

वाचन दोन तास चाललं. बाया एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होत्या, विषयाप्रमाणं जमिनीवर ढीग लावत होत्या. शोभा भिंतीला टेकून बसली होती. नवी चिठ्ठी उलगडली की मान वर करायची, दोन शब्द ऐकले की खाली घालायची. शेवटची वाचून झाली. मग तिनं पाहिलं — माझ्याकडं नाही, टेबलावरच्या किल्लीकडं. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि चहा न पिता बसून राहिली.

माणूस जन्मात एकदा असं काही लिहितो. तिनं लिहिलं. मी वाचलं. आणि तिच्यासमोर सांगितलं की ती चिठ्ठी कुणी लिहिलीच नाही.

त्यानंतर मी तिला बैठकीत कधी उभं केलं नाही. बाकीच्यांना करत राहिले. रोज सकाळी तिच्या मदतनीस गंगाबाईंच्या घरी फोन लावायचे. गावात फक्त त्यांच्याच कट्ट्यावर, अंगणवाडीच्या समोर, तो अधूनमधून लागायचा; तोही बोलण्यापुरता, माहिती तिथून जायची नाही. “अंगणवाडी उघडली का?” “उघडली की.” “शोभा आली का?” “हाय बाई, पोरांचे हात धुवायलीय.” एवढं ऐकलं की मी फोन ठेवायचे. एकदा गंगाबाई वैतागल्या — “बाई, रोज रोज काय इचारता? पाळत ठेवता का काय आमच्यावर?” खरंच, दुसरं काय करत होते मी? गाव बसनं तासाभराच्या अंतरावर होतं. तिच्याशी बोलायला मी एकदाही गेले नाही.

तिसऱ्या महिन्यात तिचा राजीनामा आला. कारण — घरगुती. मी त्यावर शिफारस लिहून सही केली. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पुढं प्राचीच्या अभ्यासाची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर तेलाच्या डब्याचं चित्र. आत लिहिलं होतं की सेविकांनी किल्ली एकमतानं पर्यवेक्षिकेकडं दिली, यातून परस्परांवरचा विश्वास दिसतो. लातूरला मला बोलायला बोलावलं. मी अर्धा तास बोलले. चांगलं बोलले. मिळालेलं स्मृतिचिन्ह अजून टीव्हीशेजारी आहे, मी रोज पुसते.

हे असंच राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात प्राचीचा फोन आला. आता ती मंडळी आणखी तालुक्यांत हे काम करणार होती, जळकोटपासून सुरुवात. “आणि मॅडम, किल्ली सगळीकडं पर्यवेक्षिकेकडंच ठेवणार आहोत. तुमच्याकडं छान झालं ना.”

पुढच्या रविवारी मी नांदेडला गेले. शोभा तिथं बहिणीकडं राहते, शाळेचे गणवेश शिवते, एवढं कमलबाईंकडून कळलं होतं. दुकानात चार मशिनी, खाली निळ्या कापडाचे तुकडे. मला बघून उठली नाही. “बसा बाई,” म्हणाली, आणि मशीन चालूच ठेवली. मी उभ्यानंच सांगितलं. डबा उघडल्याचं, चिठ्ठीचं, सगळं.

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. बाहीची शिवण पुरी केली. “नाव नव्हतं लिवलं मी. तरी कळलं तुमाला.”

“टाकीमुळं.”

“हाव. म्हणजे टाकी ध्यानात होती तुमच्या.”

मी विचारलं, हे प्राचीला सांगू का, सेविकांना सांगू का. टाकी म्हटली की तू कोण ते सगळ्यांना कळेल, हेही सांगितलं. तिनं दातानं दोरा तोडला.

“कळू द्या. नाव तेवढं नका घेऊ. पण टाकीचं सांगा बाई. तितं आता नवी पोरगी चढत असंल नं?”

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही.

परत येताना कंधारला गाडी बदलायची होती. स्टँडवर उभी राहून त्या गावच्या नव्या सेविकेला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

“बाई, लवकर बोला,” ती ओरडून म्हणाली. “टाकीवर हाय मी. वारं लई हाय.”

“खाली ये.”

“कालचं भरायचं राहिलंय बाई.”

“राहू दे. जपून खाली ये. आणि परत चढायचं नाही.”

ती पायऱ्या उतरत असताना मी फोन कानाला धरून ठेवला. मधेच तुटला. नंतर तिनं गंगाबाईंच्या कट्ट्यावरून लावला आणि विचारलं, “बाई, माझं काय चुकलं का?”

सोमवारी मी कार्यालयाला लेखी दिलं — त्या गावची माहिती कागदावर येईल, तालुक्यातून मी भरीन, उशीर झाला तर माझ्या नावावर. उभं करायची रीत बंद केली, सगळ्यांसाठी. गुरुवारी बैठक आहे. तिथं खुर्ची बाजूला ठेवून सतरंजीवर बसून सांगणार आहे, तुम्हाला सांगितलं तसंच, काही न गाळता. त्यावर वरिष्ठ काय करतील ते करतील.

प्राचीला फोनवर सांगितलं. किल्ली कुणाकडं द्यायची नाही, हे आधी सांगितलं. मग का, ते. चिठ्ठी मी तिच्याकडं पाठवून दिली आहे. सगळं ऐकून तिनं कोरड्या आवाजात एवढंच विचारलं, की पुस्तिकेत सव्वीस छापलंय, त्याचं काय करायचं.

मी म्हणाले, दुरुस्त कर. डब्यात सत्तावीस चिठ्ठ्या होत्या.