आमच्या लायपेजचा निळा उजेड

पनवेलच्या आमच्या कॉलेजातली लॅब म्हणजे जेमतेम दहा बाय पंधराची खोली. पण किस्से विचाराल तर सिंकमधल्या ट्यूबांसारखे, एक धुवावी तर चार पडलेल्याच!

त्यातले निम्मे प्रमिलाचे. ती पीएचडी करत होती, मी तिची ज्युनियर. काम काय, तर चरबी तोडणारं एन्झाइम, म्हणजे लायपेज, किती जोरात काम करतं ते मोजायचं. त्यासाठी एक खास पावडर होती. लायपेजनं ती तोडली की अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली झक्क निळी चमकायची. हा निळा उजेड समितीला दाखवला तरच प्रमिलाची फेलोशिप पुढे चालू राहणार. नाहीतर गाशा गुंडाळून घरी!

*

लायपेज बनवणारे बॅक्टेरिया आले तिच्या आईकडून. आई उरणची, मासळी विकणारी. मासे साफ करतात तिथला चिखल डब्यात भरून ती स्वतः एसटीनं घेऊन आली. आमच्या मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

आई म्हणाली, "बाई, नाक नका दाबू! माज्या पोरीचं शिक्शान त्याच्यातच हाय!"

मॅडमनी मुकाट्यानं रुमाल पर्समध्ये ठेवला.

*

मग महिनाभर ट्यूबा चमकल्या. सगळ्याच्या सगळ्या! एन्झाइम न घातलेल्यासुद्धा!

"नुसत्या पाण्यात एन्झाइम? वा गं वा!" मॅडम भडकल्या. प्रमिला रडकुंडीला आली.

एकदा दिव्याचा उजेड चुकून कांबळेमामांच्या पांढऱ्या शर्टावर पडला, तर शर्ट ट्यूबांपेक्षा जास्त चमकला! ट्यूबा धुवायचं काम मामांचंच. मामा खुशीत म्हणाले, "चमकणारच! कपड्यांची पावडर घरून आणतो तुमच्या ट्यूबांसाठी. पदरची!"

*

चमकत होती ती कपड्यांची पावडरच! ती बंद झाली आणि बिनएन्झाइमची ट्यूब काळीठिक्कर पडली. चिखलवाली मात्र निळीशार! प्रमिलानं मला उचलून गरागरा फिरवलं आणि तश्शीच आईला फोन लावला.

आई म्हणाली, "चरबी तोडतो? मंग माज्या जाड्या भावाला पाज वाटीभर!"

*

समितीचे सर आले त्या दिवशी प्रमिलानं ट्यूबा लावल्या, आणि लाइट गेली. लोडशेडिंग! मोजायचं मशीनही बंद, दिवाही बंद.

"चारला मी निघणार," सर म्हणाले.

मी धावत सुटले ते थेट बाजारातल्या सराफाकडे. त्याच्याकडे नोटा तपासायचा बॅटरीवरचा दिवा होता, तोही अल्ट्राव्हायोलेट. तो दिवा हातचा सोडेना, म्हणून त्याच्याच स्कूटरवर दिव्यासकट त्यालाच आणला! वाटेत तो मला शिकवतच होता, "खऱ्या नोटेत बारीक धागे चमकतात ताई. खोटी अख्खी उजळते."

पडदे ओढले. पहिली ट्यूब काळी. दुसरी निळी! मी टाळ्याच वाजवल्या.

"असल्या बाजारातल्या दिव्यावर मी सही करू?" सर म्हणाले. "याचा काय भरवसा?"

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सरांनी दिवा हातात घेतला, पाकिटातली पाचशेची नोट काढली आणि स्वतःच तपासायला त्याखाली धरली.

नोट अख्खी उजळली!

सराफ हळूच म्हणाला, "साहेब, दिवा चोख आहे."

सरांनी नोट खिशात घातली आणि पेन काढलं.